गिऱ्हाईकाच्या हातचे काम

१९९८च्या सप्टेंबरमध्ये डेन्मार्कच्या लेगो कंपनीने ‘माइंडस्टॉर्म्स’ नावाचा संच बाजारात आणला. नेहमीच्या रंगीत विटांच्या जोडीला त्यात एक जाडजूड पिवळी वीट होती आणि तिच्या पोटात छोटा संगणक बसवलेला होता. तिला मोटार जोडायची, स्पर्श किंवा उजेड ओळखणारे संवेदक जोडायचे, घरच्या संगणकावर आज्ञावली रचून विटेत पाठवायची. की बांधलेली गाडी आपली आपण चालायला लागे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या शिकण्यावर जे काम केले होते, त्यातून ही कल्पना आली होती. साहजिकच कंपनीने गिऱ्हाईक धरले होते ते शाळकरी वयाचे.

काही आठवड्यांतच स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या केकोआ प्राउडफूट या विद्यार्थ्याने ती वीट उकलली. तिच्या आत कोणत्या आज्ञा चालतात, ती संगणकाशी कशी बोलते, हे सगळे शोधून त्याने इंटरनेटवर मांडून ठेवले. त्या माहितीच्या आधारे डेव्ह बॉम यांनी विटेसाठी नवी संगणकभाषा लिहिली, तर जर्मनीच्या मार्कुस नोगा यांनी विटेची मूळ कार्यप्रणालीच बदलून टाकणारी दुसरी प्रणाली लिहिली. कंपनीच्या स्वतःच्या साधनांनी जे जमत नव्हते, ते या परक्या माणसांच्या साधनांनी जमू लागले.

लेगोच्या बिलुंडमधल्या मुख्यालयात खल झाला. बौद्धिक संपदेच्या दृष्टीने पाहिले तर ही उघड घुसखोरी होती आणि कोर्टात जायला वाट मोकळी होती. कंपनी गेली नाही. उलट सॉफ्टवेअरच्या परवान्यातच तिने मोडतोड करून पाहण्याची मुभा लिहून दिली. या निर्णयाचे मोल नंतर कळले. शाळकरी मुलांसाठी केलेल्या खेळण्याभोवती प्रौढ अभियंते, शिक्षक आणि हौशी कारागीर जमले. त्यांनी पुस्तके लिहिली, स्पर्धा भरवल्या, नवे संवेदक तयार केले. या कामासाठी कंपनीला पगारपत्रकावर एकही नाव चढवावे लागले नव्हते.

उद्योगजगत या प्रकाराला आज ‘सहनिर्मिती’ म्हणते. मिशिगन विद्यापीठातले सी. के. प्रल्हाद आणि वेंकट रामस्वामी यांनी २००४ साली आपल्या पुस्तकातून ही कल्पना व्यवस्थापनाच्या वर्गांपर्यंत आणि संचालक मंडळांच्या बैठकांपर्यंत पोचवली. मालाचे मोल कारखान्यात पूर्ण ठरते आणि ग्राहक ते फक्त विकत घेतो, ही समजूत त्यांनी खोडून काढली. ग्राहक वस्तू वापरतो, वाकवतो, तिच्यात भर घालतो आणि तिचे मोल त्या वापरात घडत जाते, असे त्यांचे म्हणणे होते. प्रल्हाद मूळचे कोइम्बतूरचे. अहमदाबादच्या आयआयएममध्ये त्यांनी शिकवलेही होते.

पण या विचाराचा पाया त्याच्या बराच आधी, आकडेवारीनिशी, एमआयटीच्या एरिक व्हॉन हिपेल यांनी घातला होता. १९७६ साली त्यांनी शास्त्रीय उपकरणांतल्या १११ सुधारणांचा इतिहास तपासला. गॅस क्रोमॅटोग्राफ, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक अशी ती उपकरणे होती. प्रत्येक सुधारणेच्या बाबतीत त्यांनी एकच गोष्ट शोधली : हिचा पहिला चालता नमुना कोणी बनवला? सुमारे ८० टक्के वेळा उत्तर निघाले, वापरणाऱ्याने. प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाला उपकरण अपुरे पडले, त्याने त्यात स्वतः बदल केला, त्यावर शोधनिबंध लिहिला, आणि मग उत्पादक कंपनीने तो बदल उचलून विक्रीयोग्य केला.

असे का होते, याचे हिपेल यांनी दिलेले कारण साधे आहे. गरजेची माहिती गरजवंतापाशी असते आणि ती तिथून हलवणे अवघड असते. यंत्राची मूठ कुठे टोचते, कोणत्या हवामानात झाकण अडकते, घाईच्या वेळी कोणते बटण चुकून दाबले जाते, हे वापरणाऱ्याला रोजच्या सवयीने ठाऊक असते, पण विचारले तर सांगता येतेच असे नाही. प्रश्नावलीच्या चौकटीत तर ते बसतच नाही. म्हणून माहिती कारखान्यात आणण्यापेक्षा कारखान्याने माहितीपाशी जावे, हे जास्त शहाणपणाचे.

त्यासाठी नेमके कोणाकडे जायचे? हिपेल यांचे उत्तर आहे, आघाडीच्या वापरकर्त्यांकडे. बाजाराला जी अडचण उद्या भेडसावणार आहे ती ज्यांना आजच तीव्रतेने जाणवते, आणि जे वाट न पाहता तिच्यावर उपाय करत सुटतात, असे हे लोक. सरासरी ग्राहक शोधणाऱ्या बाजार सर्वेक्षणाला हीच माणसे अपवाद म्हणून वगळण्याजोगी वाटतात.

थ्रीएम या अमेरिकी कंपनीने १९९०च्या दशकात ही पद्धत मनावर घेतली. तिच्या वैद्यकीय विभागाला शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाच्या अंगावर पसरायच्या निर्जंतुक आच्छादनांत काहीतरी नवे हवे होते. विभागाचे पथक आधी मलेशिया, इंडोनेशिया, कोरिया आणि भारतातल्या रुग्णालयांत जाऊन आले. महागडी आच्छादने न परवडणाऱ्या ठिकाणी जंतुसंसर्ग कसा रोखतात, हे त्यांना पाहायचे होते. त्यातून प्रश्नच बदलला. भारी आच्छादन कसे करावे हा प्रश्न मागे पडला आणि कमी खर्चात संसर्ग कसा थांबेल हा पुढे आला. मग पथकाने असे लोक शोधले ज्यांना हीच अडचण आणखी बिकट रूपात सोसावी लागते. जनावरांचे डॉक्टर त्यांत होते : रुग्ण केसाळ, आंघोळ न केलेला, वर त्याच्या उपचाराला विमा नाही, आणि तरी शस्त्रक्रियेनंतरचा संसर्ग कमी ठेवणारे. हॉलीवुडचे रंगभूषाकारही होते. चेहऱ्याला न टोचता चिकटणारे आणि सहज निघणारे थर त्यांच्या रोजच्या हाताखालचे. या मंडळींना कंपनीच्या तंत्रज्ञांबरोबर एका टेबलाभोवती बसवून दोन-अडीच दिवसांच्या कार्यशाळेत नव्या उत्पादनांचे आराखडे काढले गेले.

पुढे संशोधकांनी थ्रीएममधल्या अशा प्रकल्पांची नेहमीच्या पद्धतीच्या प्रकल्पांशी तुलना केली. आघाडीच्या वापरकर्त्यांसोबत घडलेल्या उत्पादनांची पाचव्या वर्षीची अंदाजित विक्री सरासरी १४.६ कोटी डॉलर निघाली; म्हणजे नेहमीच्या प्रकल्पांच्या आठपटीहून जास्त. हे अंदाज कंपनीच्याच लोकांचे होते, हे ध्यानात ठेवले तरी फरक मोठा आहे.

लेगोकडे पुन्हा वळायला हवे, कारण तिथला पुढचा भाग जास्त बोधक आहे. २००३ आणि २००४ ही वर्षे कंपनीला फार जड गेली. तोटा एवढा वाढला की कुटुंबाच्या मालकीची ही कंपनी विकली जाते की काय, अशी चर्चा झाली. २००४ मध्ये योर्गन विग क्नुडस्टॉर्प हे पस्तिशीतले गृहस्थ प्रमुखपदी आले. माइंडस्टॉर्म्सची नवी आवृत्ती करायचे ठरले तेव्हा कंपनीने चार प्रौढ हौशी निवडले, त्यांच्याकडून गुप्ततेच्या करारावर सह्या घेतल्या आणि आराखडा अजून कच्चा असतानाच त्यांच्यापुढे ठेवला. चौघांनी संवेदकांवर, मोटारींवर, जोडणीच्या तारांवर, सॉफ्टवेअरवर महिनोन्‌महिने पत्रव्यवहार केला, बिलुंडला जाऊन आले. मोबदला काय, तर लेगोचे काही संच आणि नमुन्याच्या विटा. विमानाचे भाडेसुद्धा त्यांनी स्वतःच्या खिशातून भरले. चौघांनंतर आणखी शंभर जणांना चाचणीसाठी घेतले गेले आणि २००६ मध्ये एनएक्सटी ही आवृत्ती बाजारात आली.

त्या चौघांना हा सौदा तोट्याचा वाटला नाही. आपल्या सूचनेवरून वस्तू बदलते आहे, याचाच त्यांना आनंद होता. पण हा आनंद खरा असला तरी त्यावर कायमची व्यवस्था उभी करता येत नाही. हौशी माणसाचे काम फुकट घ्यायचे आणि नफा मात्र भागधारकांचा, हा हिशेब फार काळ टिकणारा नव्हता आणि न्यायाचाही नव्हता. लेगोला हे उमगले म्हणावे लागेल. २००८ मध्ये तिने जपानमधल्या कूसू या संस्थेबरोबर एक प्रयोग सुरू केला. कोणीही आपल्या कल्पनेतला संच बांधून त्याची छायाचित्रे मांडायची; त्याला १,००० जणांचा पाठिंबा मिळाला तर कंपनी तो तयार करण्याचा विचार करील. ‘शिंकाई ६५००’ ही जपानी संशोधन पाणबुडी या वाटेने आलेला पहिला संच ठरली. २०११ मध्ये योजना जगभर खुली झाली, तेव्हा पाठिंब्याची अट १०,००० वर नेली. माइनक्राफ्ट या संगणकखेळावरच्या संचाने ती दोन दिवसांत पार केली. २०१४ पासून ही योजना ‘लेगो आयडियाज’ या नावाने चालते.

तिचे नियम बारकाईने पाहण्याजोगे आहेत. दहा हजारांचा पाठिंबा मिळाला म्हणून संच निघेलच असे नाही; अंतिम निर्णय कंपनीच्या परीक्षण मंडळाचा, आणि हे पहिल्याच दिवशी सांगितलेले असते. संच निघाला तर मूळ कल्पना देणाऱ्याला निव्वळ विक्रीच्या १ टक्का रक्कम मिळते. त्याचे नाव आणि ओळख संचासोबतच्या पुस्तिकेत छापली जाते. एलेन कोइमन या भूरसायनशास्त्रज्ञ बाईंनी सुचवलेला महिला शास्त्रज्ञांचा संच २०१४ मध्ये निघाला. नासातल्या स्त्रियांवरचा माया वाइनस्टॉक यांचा संच २०१७ मध्ये. एक टक्का पुरेसा आहे का, यावर वाद होऊ शकतो. पण तो आधी लिहिलेला आहे आणि सगळ्यांना सारखा लागू आहे, यातच या योजनेचे बळ आहे.

लोकांना बोलावले की काम झाले, असे मात्र नव्हे. २००९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या क्वर्की या कंपनीने सामान्य माणसांच्या कल्पना गोळा करून, त्यांच्या मतांनी निवडून वस्तू बाजारात आणायचा सपाटा लावला, कल्पना देणाऱ्यांना वाटाही दिला, मोठे भांडवल उभारले. आणि २०१५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. एकाच वेळी घरगुती वापराच्या असंख्य वस्तू घडवणे, साठवणे आणि विकणे हे कुठल्याही कारखानदाराला पेलणारे नव्हते. कल्पनांचा पूर आला, तरी त्यामागचे उत्पादनाचे कष्ट तिळमात्र कमी होत नाहीत.

आणि नुसते विचारणे म्हणजे सहनिर्मिती नाही, याचा जुना दाखला कोका-कोलाचा. १९८५ मध्ये नवी चव आणण्याआधी कंपनीने जवळजवळ २ लाख लोकांना ती चाखवून पाहिली. बहुतेकांना आवडली. बाजारात येताच मात्र लोक संतापले आणि ७९ दिवसांत जुनी चव परत आणावी लागली. चाखणाऱ्यांना घोटाची चव विचारली होती. जुने पेय कायमचे जाणार आहे, ते चालेल का, हे कोणी विचारले नव्हते. प्रश्न ठरवण्याचा अधिकार एकट्या कंपनीकडे राहिला की असे होते.

महाराष्ट्रातला या विषयावरचा बराच अभ्यासलेला प्रयोग धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत झाला. गोदरेज अँड बॉइसला ग्रामीण घरांसाठी स्वस्त शीतपेटी करायची होती. कंपनीचे लोक गावोगाव फिरले, तेव्हा दिसले की या घरांना मोठ्या फ्रिजची लहान प्रत नको आहे. भाजी रोजची रोज आणली जाते. दूध, उरलेली भाजी-आमटी एखाद-दोन दिवस टिकावी आणि पाणी गार मिळावे, एवढीच निकड. घर लहान, विजेचा भरवसा नाही, आणि कामासाठी बिऱ्हाड हलवावे लागले तर पेटी उचलून नेता आली पाहिजे. २००८ मध्ये उस्मानाबादेत भरवलेल्या मेळाव्यात सहाशेहून अधिक बायकांनी नमुने हाताळले, उघडझाप करून पाहिले, मते सांगितली. आणि त्यावरून आराखडा ठरत गेला.

त्यातून ‘छोटूकूल’ तयार झाला. वजन ७.८ किलो, आतली जागा ४३ लिटर, किंमत सुरुवातीला ३,२५० रुपयांच्या आसपास. कॉम्प्रेसर नाहीच, वीज वाहिली की एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम होणारी चिप आणि उष्णता बाहेर फेकणारा छोटा पंखा. वीज गेली तर १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालावा अशी सोय. दार समोर न देता झाकण वर दिले, कारण गार हवा जड असते आणि वरून उघडले तर ती सांडून जात नाही. नेहमीच्या फ्रिजमध्ये दोनशेच्या घरात सुटे भाग असतात, यात वीसच्या आसपास. विक्रीसाठी टपाल खात्याचे जाळे वापरून पाहिले गेले. २०१२ मध्ये अमेरिकेतला एडिसन पुरस्कारही त्याला मिळाला.

तरीही ज्या घरांसाठी तो घडला, त्या घरांत तो फार पोचला नाही. पुढे कंपनीने त्याचे रूप बदलून तो शहरातल्या गिऱ्हाइकांपुढे ठेवला : दुकाने, लहान खोल्या, गाडीतला प्रवास. इथे बायकांचे म्हणणे चुकीचे होते असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. त्यांनी सांगितलेली गरज खरी होती आणि यंत्र ती भागवत होते. पण वस्तू कशी असावी यावर बोलणे वेगळे आणि घरातले तीन हजार रुपये कशावर खर्च करावेत हा निर्णय वेगळा. या दुसऱ्या निर्णयात दूरदर्शन संच होता, पंखा होता, मुलीची फी होती, आणि बर्फ जमवणारा ‘खरा’ फ्रिज पुढेमागे घेऊ ही इच्छाही होती. आराखड्यात भागीदार केलेल्या माणसांना किंमत, हप्ते आणि विक्रीच्या आखणीतही तितक्याच गांभीर्याने बसवायला हवे होते, असे आता मागे वळून पाहता वाटते.

कधीकधी तर गिऱ्हाईक कंपनीची वाट पाहणेच सोडून देते. टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांनी तसे केले. रक्तातली साखर सतत मोजणारे संवेदक बाजारात होते, इन्सुलिनचे पंपही होते, पण बहुतेकदा दोघांचा एकमेकांशी संवाद नव्हता, आणि आकडे दूरवरून पाहायचीही सोय नव्हती. २०१३ मध्ये अमेरिकेत, मूल शाळेत असताना त्याची साखर आपल्याला दिसावी म्हणून एका वडिलांनी संवेदकातले आकडे इंटरनेटवर पाठवणारी आज्ञावली लिहिली. तिच्यातून ‘नाइटस्काउट’ उभे राहिले आणि हजारो घरांत पोचले. सिअ‍ॅटलच्या डेना ल्युइस झोपेत संवेदकाच्या गजराने जाग्या होत नसत. त्यांनी सहकाऱ्यांसोबत आधी मोठा गजर करणारी यंत्रणा रचली. मग संवेदक आणि पंप जोडून साखरेनुसार इन्सुलिन आपोआप कमी-जास्त करणारी प्रणालीच बांधली. २०१५ च्या सुरुवातीला तिचा आराखडा त्यांनी सगळ्यांसाठी खुला केला. अशा प्रकारच्या पहिल्या व्यापारी यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मंजुरी मिळाली ती २०१६ च्या सप्टेंबरमध्ये.

यातला धोका लहान नव्हता. इन्सुलिनची मात्रा चुकली तर जीव जातो, आणि घरी बांधलेल्या यंत्राची हमी कोणी घेत नाही. म्हणूनच पुढची पायरी महत्त्वाची. रुग्णांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनीच लिहिलेल्या ‘लूप’ या प्रणालीवर आधारलेल्या ‘टाइडपूल लूप’ला औषध प्रशासनाने जानेवारी २०२३ मध्ये रीतसर परवानगी दिली. चाचणी, नोंदी आणि उत्तरदायित्व हे संस्थेचे काम आहे. ते संस्थेने केले तर हौशीचे कौशल्य इतरांच्या जिवाला भार न होता उपयोगी पडते.

आता चंद्रपूर जिल्ह्यात जायला हवे, नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावी. तिथले दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, दीड एकराचे शेतकरी. बियाण्याच्या बाजारात शेतकरी हे गिऱ्हाईक. वाण घडवणार शास्त्रज्ञ, अशी रीतसर विभागणी. १९८३ च्या सुमारास पटेल-३ या धानाच्या बांधीत दादाजींना तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढून जपल्या, पुढच्या हंगामात निराळ्या लावल्या, आणि वर्षामागून वर्षे निवड करत बारीक दाण्याचे, चवीला उत्तम, भरघोस येणारे वाण स्थिर केले. त्या काळी एचएमटीच्या मनगटी घड्याळांची चलती होती. तेच नाव या धानाला पडले. बियाणे हातोहात पसरले आणि विदर्भाबाहेर शेजारच्या राज्यांतही पोचले.

१९९४ मध्ये अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने दादाजींकडून पाच किलो बियाणे प्रयोगासाठी नेले. १९९८ मध्ये विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ हे वाण प्रसारित केले. विद्यापीठाने शुद्धीकरणाचे काम केले असेलही, आणि त्या कामालाही मोल आहे. पण मूळ निवड ज्याची, त्याला ना श्रेय मिळाले ना वाटा. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला, पुढे आणखी सन्मान आले. त्यांनी नांदेड हिरा, दीपक रत्न, डीआरके अशी आणखी वाणेही काढली. हलाखी मात्र सुटली नाही. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

लेगोची वीट आणि दादाजींचे धान यांत कौशल्याचा फरक नाही. दोन्हीकडे वापरणाऱ्याने संस्थेच्या पुढचे पाऊल टाकले होते आणि दोन्हीकडे संस्थेने ते उचलून घेतले. एकीकडे पुढे का होईना, कल्पना देणाऱ्याचे नाव आणि टक्का कागदावर आला. दुसरीकडे पाच किलो बियाणे घेताना कोणताही करार झाला नाही. ग्राहकांना ‘सहभागी’ करून घेण्याच्या योजना आज बँका, मोटारकंपन्या, महापालिका सगळेच जाहीर करत आहेत. त्यांना तपासायचे झाले तर मेळाव्याला किती लोक आले, याची गणती कामाची नाही. लोकांनी दिलेल्या सूचनेचे काय झाले हे त्यांना कळते का, कोणता निर्णय त्यांच्या हाती दिला, आणि लाभ झाला तर नाव कोणाचे लागेल, एवढे पाहावे.

शेतकऱ्यांपुरता तरी हा करार आता कायद्याने लिहिलेला आहे. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ च्या कलम ३९ नुसार नवे वाण विकसित करणाऱ्या शेतकऱ्याला शास्त्रज्ञ पैदासकाराप्रमाणेच त्या वाणाची नोंदणी करून संरक्षण मिळवता येते, आणि कलम ४४ नुसार त्याच्या कार्यवाहीसाठी त्याच्याकडून शुल्क घेतले जात नाही. ज्यांच्या शेतात, परसात किंवा आजीच्या कणगीत असे निराळे वाण आहे, त्यांनी ते कोणाही संस्थेला किंवा कंपनीला देण्याआधी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन नोंदणीची चौकशी करावी, आणि बियाणे दिलेच तर किती, कोणाला, कशासाठी दिले याचा सहीचा कागद स्वतःजवळ ठेवावा.